निलमला दोन मागण्या

धुकं होतं हो त्या दिवशी! उगाच सगळे म्हणतात, लक्ष्या, तू घोळ घातलास, लक्ष्या, तुझ्यामुळे पोरीचं वर्ष जात होतं... पण त्या सकाळी धुकं केवढं होतं ते कुणी सांगतच नाही. झाईच्या समुद्रावरून जे आत आलं ते थेट आमच्या पाड्यापर्यंत. चिकूची झाडं गेली, विहीर गेली, समोरचं हाल्याचं घर गेलं, हाल्या तेवढा खोकत होता म्हणून कळत होतं की शेजारी अजून आहे. मी ओट्यावर बसलो होतो. तुम्हाला सांगतो, अशा धुक्यात मला फार बरं वाटतं. सगळं जिथल्या तिथे असतं, पण दिसत नाही, आणि तुम्हीही कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी काही मागायला येत नाही. आणि नेमके त्याच दिवशी मागायला आले!

कोणाला? निलमला. माझी धाकटी. वरच्या तिघी केव्हाच लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या, ही माझ्या पन्नाशीला झाली, आता तेरा वर्षांची आहे आणि फुटबॉल खेळते. खेळते म्हणजे काय, वासरू गाईच्या मागे जातं तसा चेंडू तिच्या मागे जातो. शाळेतल्या संगिता बाईंनी शिकवलं. बोर्डीला शाळांचे सामने झाले, त्यात हिने चार गोल केले, आणि दोन क्लबांच्या माणसांनी ते बघितले. क्लब म्हणजे काय, मला कुठे ठाऊक? मी शाळेची पायरी चढलो नाही, जन्म वाडीत चिकू उतरवण्यात गेला. संगिता बाईच घरी येऊन सांगून गेल्या. "काका, चांगल्या पोरी निवडून घेतात, शिकवतात, मोठ्या सामन्यांना नेतात. हे सामने चौदाच्या आतल्या पोरींचे. निलमला यंदाच खेळता येईल, पुढच्या वर्षी नाही. दोन्ही क्लबवाले घरी येणार आहेत. एकाला हो म्हणून टाका."

म्हणून टाका! तुम्हीच सांगा मंडळी, पोरीला मागायला आलेल्या माणसाला पहिल्या खेपेला हो म्हणतात का कुठं?

रूपीला, म्हणजे निलमच्या आईला, मागायला माझा बाप तीनदा गेला होता. पहिल्या खेपेला सासऱ्याने पाणी दिलं आणि विहिरीबद्दल बोलला. दुसऱ्या खेपेला बैलाबद्दल बोलला. मी आपला बापाच्या मागे बसून कुडाच्या फटीतून आत कोण हलतंय ते बघत होतो... काय ते दिवस... पिवळं काहीतरी हललं की माझ्या छातीत ढोल वाजायचा, आणि नंतर कळलं ती वाळत घातलेली गोधडी होती! दोन खेपा मी गोधडीकडे बघून लाजलो! तिसऱ्या खेपेला सासरा म्हणाला, बरं. सहा महिने लागले. पण त्या सहा महिन्यांत आम्ही त्यांना बघून घेतलं, त्यांनी आम्हाला. चिकूसुद्धा घाईने उतरवला तर पिकत नाही, नुसता सुकतो.

तर धुक्यातून आधी मोटरसायकलचा आवाज आला, मग उजेड आला, मग देवेश सर आले. डहाणूचा क्लब. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. "काका, नमस्कार, फॉर्म आणलाय, इथे अंगठा द्या, शनिवारपासून प्रॅक्टिस." मी म्हटलं, बसा. म्हणाले, "बसायला वेळ नाही काका, अजून तलासरीत दोन घरं आहेत." दोन घरं! एका सकाळी तीन पोरी मागतो हा माणूस! मी विहिरीबद्दल बोललो. ते म्हणाले, "काका, विहीर नंतर. रविवारपर्यंत कळवा." आणि चहा न घेता धुक्यात गेले.

तासाभराने स्कूटी आली. श्रुतिका मॅडम, बोर्डीचा क्लब. ही बाई बसली! ओट्यावर, मांडी घालून. कोरा चहा प्याली. मी विहिरीबद्दल बोललो, तर म्हणाली, "पाणी गोडं आहे का काका? आमच्या मैदानाजवळचं खारट लागतं." बघा! विहिरीबद्दल बोलली! मला तिथेच पसंत पडली. पण तोंडाने कसं सांगणार? आमच्या घराण्यात होकार तोंडाने देत नाहीत, हलकं दिसतं. पसंत असेल तर पाहुण्याच्या हातात काही ठेवायचं. वालाच्या शेंगा दिल्या म्हणजे बरं चाललंय, नारळ दिला म्हणजे फारच बरं, आणि कोंबडी दिली... कोंबडी दिली म्हणजे बोलायचं काही राहिलंच नाही. मी कोंबडी दिली. लाल. अंड्यावरची! मॅडमचा चेहरा असा झाला, जसं मी तिच्या हातात जळतं लाकूड दिलंय. "काका... ही... मी... स्कूटीवर?" मी पायाला दोरी बांधून हँडलला लावून दिली. मॅडम गेली, धुक्यात कितीतरी वेळ कोंबडीचा आवाज येत राहिला, आणि तिच्या मागून मॅडमचा, "गप बस गं, गप बस, रविवारपर्यंत कळवा काकाऽऽ!"

आता कोंबडी दिल्यावर अजून काय कळवायचं? दुसऱ्या खेपेला त्यांनी यायचं. पहिल्या खेपेला हो म्हणतात का कुठं?

तरी मी स्वस्थ बसलो नाही हं! पोरगी द्यायची तर घर बघायला नको? आधी डहाणूला गेलो. मैदान काय ते! हिरवंगार, दगड नाही, खड्डा नाही, बैल सोडला असता तर आनंदाने रडला असता. पण आवाज! देवेश सर ओरडतात, "एऽ सात नंबर, झोप झाली का?" आणि सरांपेक्षा बाप ओरडतात. एक बाप कुंपणावर चढलेला, "मार! मार! पास कसला देतेस, तूच मार!" ती बिचारी चेंडू सोडून बापाकडेच बघत उभी. मला वाटलं, माझ्या निलमला असं बोलले तर ती उलट उत्तर देणार नाही, घरी येऊन जेवणार नाही.

मग बोर्डीला गेलो. समुद्राच्या कडेला सुरूची झाडं, त्यांच्यामागे मैदान. वाळूच जास्त, गवत आपलं नावाला. मी सुरूखाली बसलो. तुम्ही कधी सुरूखाली बसलात का? वारा आला की ते झाड बोलतं, पण शब्द नसतात, आणि लाटा त्याला हूं हूं म्हणतात, आणि पोरी हसत होत्या, पडत होत्या, उठत होत्या... आणि मला दिसलं, निलम पाण्यावरून पळत येतेय, चेंडू लाटेवर उडतोय, रूपी कुडाच्या फटीतून बघतेय, आणि माझा सासरा शिट्टी फुंकून म्हणतोय, बरं... आणि धप्! चेंडू माझ्या मांडीवर.

खरा चेंडू! उचलला मी. उन्हाने गरम झालेला, अंडं उबवणाऱ्या कोंबडीचं पोट असतं तसा. मी फिरवून फिरवून बघितला. म्हटलं, एवढ्यासाठी? एवढ्यासाठी माझी पोरगी भाकरी अर्धी टाकून पळते? बराच वेळ बघत होतो वाटतं, कारण वर बघितलं तर वीस पोरी माझ्यासमोर उभ्या. "काका, बॉल द्या ना... मॅच चाललीय."

ठरलं. बोर्डी. घरी आलो, अंगण सारवून घेतलं, हाल्याकडून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, आणि वाट बघत बसलो. मंगळवारी मोटरसायकल आली, मी उठलो, तर मासळीवाला. बुधवारी स्कूटी आली, तर ती ग्रामपंचायतीची. निलम शाळेतून आली की दारातूनच विचारायची, "बाबा, आलं का कुणी?" मी म्हणायचो, येतील. गुरुवारी विचारलं. शुक्रवारी नुसतं खुर्च्यांकडे बघितलं. शनिवारी काहीच नाही. रविवार आला आणि गेला. सोमवारी सकाळी तिने चेंडू धुतला, पुसला आणि माळ्यावर ठेवून दिला. मोडक्या कंदिलाशेजारी. एक शब्द बोलली नाही हो. शब्द बोलली असती तर मी भांडलो असतो.

तेवढ्यात संगिता बाई धावत आल्या. "काका, हे काय केलंत? दोघांनी तुमच्या होकाराची वाट बघितली! डहाणूची यादी भरली, बोर्डीची आज जाते!"

"बाई, मी कोंबडी दिली!"

"कोंबडी?"

"लाल!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो काका, त्यांना वाटलं, तुम्ही नाही म्हणालात आणि वाईट वाटू नये म्हणून कोंबडी देऊन वाटेला लावलंत!"

अहो, मग ते दुसऱ्या खेपेला का आले नाहीत? म्हणे, क्लबवाले दुसऱ्या खेपेला येत नसतात! ही कसली मागणी? एकदा विचारायचं आणि निघून जायचं? आणि खरं सांगू का... कुणाला सांगू नका... मला मनातून ते बरंही वाटत होतं. वरच्या तिघी अशाच गेल्या ना. बरं म्हटलं आणि गेल्या. आता दिवाळीला येतात. मला वाटायचं, हिच्या बाबतीत जितक्या खेपा होतील तितके दिवस ही माझ्या ओट्यावर.

पण माळ्यावर चेंडू होता. मी रूपीकडे बघितलं. ती म्हणाली, "त्यांना तीन खेपा जमत नाहीत, तर तू एक कर. ऊठ."

मी! पोरीचा बाप! पोरीचा बाप मागायला निघाला! दिवसाढवळ्या, सगळ्या पाड्यासमोरून, पुढे पोरगी काखेत चेंडू घेऊन, मागे मी मान खाली घालून. हाल्या दारातून ओरडला, "काय रे, घरजावई बघायला निघालास काय?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. फाट्यावरून एसटी धरली. एसटी सावकाश जावी असं मला वाटत होतं, आणि मेली त्या दिवशीच कुठे थांबेना! वाटभर मनात घोकत होतो, काय बोलायचं, विहिरीपासून सुरू करू की बैलापासून...

मैदानावर पोचलो तर पहिली भेटली ती आमची कोंबडी. गोलाच्या जाळीमागे, ऐटीत, पोरी तिला बिस्किट घालतायत! आणि मॅडम समोर उभी. माझी विहीर, बैल, सगळं तोंडातल्या तोंडात राहिलं. म्हटलं, "मॅडम, माझी पोरगी घ्या."

एवढंच. निलम पायाकडे बघत होती, मी चेंडूकडे.

मॅडम म्हणाली, "काका, यादी सकाळीच गेली हो. पण एका पोरीचा गुडघा दुखतोय, नाव बदलता येईल कदाचित. आत्ता काही सांगत नाही. तीन रविवार येऊ दे हिला. मग बघू."

तुम्हाला सांगतो, मला इतका आनंद झाला! परतीच्या एसटीत मी हसतच होतो. निलम चिडली, "बाबा, हसता काय? तिने घेतलं नाही मला!" मी म्हटलं, बाळा, एकदम हो म्हणाली असती तर मीच तुला दिली नसती. खेपा घालायला लावतेय. घराणं चांगलं आहे! पहिल्या खेपेला हो म्हणतात का कुठं?

तीन रविवार गेलो. पहिल्या रविवारी निलम वाळूतच जास्त पडली. दुसऱ्या रविवारी दोन गोल. तिसऱ्या रविवारी मॅडम आली, तोंडाने एक अक्षर बोलली नाही, निळा शर्ट निलमच्या हातात ठेवला आणि माझ्याकडे बघून हळूच हसली. एकोणीस नंबर. निलमने तो तिथेच फ्रॉकवरून चढवला आणि अशी पळाली, अशी पळाली, की मला वाटलं आता समुद्रच आडवा येईल म्हणून थांबेल.

फक्त एक अट होती. लांबची पोरगी, म्हणून घरचं कुणीतरी सोबत हवं. मी म्हटलं, येईन. शनिवारी, रविवारी. मग सामने जवळ आले, बुधवारही लागला. सुरूत गेलेले चेंडू कोण आणणार? मी. पाण्याचे हंडे कोण भरणार? मी. पालघरला सामना होता तर टेम्पोत पुढच्या सीटवर कोण? पोरी म्हणतात, काका नसले की आपण हरतो. मॅडमने माझ्या गळ्यात शिट्टी घातली, म्हणाली, काका, झाडाखाली डोळा लागला तरी चालेल, पण चेंडू रस्त्यावर गेला तर फुंका. मधे निलम म्हणाली, "बाबा, आज मला ताप आहे, मी जात नाही." मी म्हटलं, तू झोप, मी जाऊन येतो.

संध्याकाळी आलो, शिट्टी गळ्यातच राहिलेली, कपड्यात वाळू, हातात क्लबने दिलेली टोपी. हाल्या त्याच्या दारात बसला होता. वरपासून खालपर्यंत बघितलं मला आणि म्हणाला, "काय रे लक्ष्या, मागणी पोरीला आली होती ना? मग नांदायला तू कसा गेलास?"