काळं रीळ, नेव्ही रीळ

आमचं मूळ कुडाळकडचं, पण मी वाढले भांडुपला, डोंगरावरच्या खोलीत. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर घर चाललं ते आईच्या सुईवर. आई साड्यांना फॉल लावायची, दारात बसून, कारण खोलीत अंधार. दोरा निवडायचं काम माझ्याकडे. तुझी नजर बरी आसा गो, म्हणायची. दहावी झाले मी, पण पोटासाठी कामी आली ती नजरच.

आईचं सांगते आधी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एकदा भर दुपारी ती दारात बसलेली, मांडीवर साडी, आणि मला म्हणाली, सुनंदा, लायट गेली काय गो? लाईट कुठे गेली होती, ऊन पडलं होतं तिच्या अंगावर. काचबिंदू होता, आम्हाला पत्ताच नाही, दुखत नाही ना तो. नंतर काही करता आलं नाही. आता मी तिच्या त्या वयाला आलेय.

तर मी मुलुंडला मॅचिंग सेंटरमध्ये लागले, अजून तिथेच आहे. काय सांगू तुम्हाला, बाहेरच्याला वाटतं कापड फाडून द्यायचं काम. बाई साडी टाकते काउंटरवर, तिला नुसता हिरवा नको असतो, तिच्या काठातला हिरवा हवा असतो, आणि आमच्याकडे हिरव्याचंच कपाट भरलेलं. मी एक तागा काढायची, त्याचं टोक आणि साडीचा काठ घेऊन दुकानाच्या पायरीवर जायची, बाईला म्हणायची, इथे बघा ताई, उजेडात. पायरीवर जुळलं की मगच कात्री. कापलेलं परत घेत नाही आम्ही, पाटीच आहे तशी. लांबून बायका यायच्या, ती चष्मेवाली सुनंदा आहे का, विचारत.

मग शेठनी दुकान नवीन केलं. वर सगळे एलईडीचे पॅनल, एसी, काचेचं दार, त्याला काळी फिल्म. झकास दिसायला लागलं, खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. शेठ म्हणाले, सुनंदाबेन, आता पायरीवर धावायचं नाही, दार उघडलं की थंडी जाते, आणि बाहेर कशाला, मी सूर्यच आत आणलाय. आम्ही हसलो. दार बंद झालं.

आणि माझं डोकं सुरू झालं. दुपार झाली की कपाळात ठणका, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. वर बघितलं की चर्र व्हायचं, डोळे मिटले तरी ते पांढरे चौकोन दिसायचे. म्हटलं, एसीचं असेल, वयाचं असेल.

मग एक बाई आली, मुलीच्या लग्नाची वाईन रंगाची साडी आणि मीच दिलेल्या कापडाचा शिवून झालेला ब्लाउज घेऊन. मी दोन्ही काउंटरवर ठेवलं, म्हटलं, ताई, रंग एकच तर आहे. तिने मनगट धरून मला बाहेर नेलं. पायरीवर साडी वाईन आणि ब्लाउज तपकिरी. तिथे मलाही दिसलं. त्यानंतर एक जांभळा चुकला, मग एक मोरपंखी. शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, सुनंदाबेन, चष्मा बदलून घ्या ना. पुढच्या आठवड्यात मला पेटिकोटच्या काउंटरला उभं केलं. तिथे साइज विचारायची, रंग नाही.

मी घरी बोलले नाही. बसमध्ये एक डोळा झाकून पाट्या वाचायची, मग दुसरा. स्वयंपाक करताना मध्येच खिडकीशी जायची, समोरच्या गच्चीवरच्या कपड्यांचे रंग ओळखायला. मला दिवसभर आईचं ते वाक्य ऐकू यायचं. शेवटी मुलीने विचारलं, आई, तू डोळे मिचकावत कुणाला बघतेस गं? मग तिनेच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी डोळ्यांचं प्रेशर मोजलं, थेंब टाकून आतून बघितलं. म्हणाल्या, काचबिंदू नाही, मोतीबिंदूही नाही, पण आईला होता म्हणून दर वर्षी यायचं. मग काम विचारलं, उजेड विचारला. मी म्हटलं, त्या दिव्यांनी जळाले का डोळे? तर म्हणाल्या, नेहमीच्या घरा-दुकानातल्या दिव्याने डोळा जळतो असं काही आढळलेलं नाही, पण टक लावून त्याच्याकडे बघायचं नाही, हलक्या प्रतीचा दिवा असेल तर तो आपल्याला दिसणार नाही असा लुकलुकतो, त्याने काहींचं डोकं धरतं, आणि संध्याकाळनंतर तो पांढरा उजेड झोप घालवतो. आणि रंग? त्या म्हणाल्या, काही दिवे सगळे रंग नीट दाखवत नाहीत, तुम्ही पूर्वी कुठे बघायचात? म्हटलं, पायरीवर. मग आता का नाही जात? म्हटलं, एसीची थंडी जाते म्हणून.

शेठना वाटलं असतं मी निमित्त काढतेय, म्हणून मुलीला घेऊन गेले. तिने मोबाइलच्या कॅमेऱ्यात पॅनल धरला, तर पडद्यावर काळे पट्टे पळताना दिसले, तोच लुकलुकाट. शेठ म्हणाले, तुझा मोबाइल खराब आहे. स्वतःचा काढला, त्यातही पट्टे. बराच वेळ वर बघत राहिले. मी म्हटलं, शेठ, टक लावू नका.

काउंटरवरचे तेवढे दिवे त्यांनी बदलले, बाकीचे तसेच आहेत. मला रंगाच्या काउंटरला परत घेतलं. दार उघडा, म्हणाले, पण पटकन.

डोकं कमी दुखतं, थांबलं नाही. दिव्याचं की वयाचं, कोण सांगणार? घरी संध्याकाळ झाली की मी पांढरी ट्यूब बंद करून पिवळा दिवा लावते, मुलगी म्हणते, आले बघा एलईडी इन्स्पेक्टर. म्हणू दे. तिचे डोळे पुढच्या महिन्यात दाखवायचेत, आजीचं तिच्याकडेही येऊ शकतं.

आणि रोज दुकान उघडलं की एक करते मी. एक काळं रीळ, एक नेव्ही, म्हणजे काळ्यासारखंच दिसणारं गडद निळं, पाठीमागे हात करून घोळवते आणि पायरीवर जाऊन बघते. ओळखता आलं की तो दिवस माझा. तुम्ही आलात म्हणून आज राहून गेलं, तेव्हापासून माझं लक्ष नाही बोलण्यात. थांबा, घोळवते. हे घ्या, उजव्या हातात काळं, डाव्या हातात नेव्ही. बरोबर ना? नाही, आतून सांगू नका ताई. पायरीवर या, मग सांगा.