कॅम्प दोनमधली खुर्ची

जुनी खुर्ची घ्याल तर खालून बघून घ्या. मी बघितली नव्हती.

बहिणीला बघायला बदलापूरहून पाहुणे येणार होते. अंबरनाथच्या आमच्या घरात खुर्ची नव्हती, म्हणून उल्हासनगरला कॅम्प दोनमधून जुनी आणली. मुलाचे वडील तीत बसले, तंबाखू मळली आणि चुन्याचं बोट सवयीने खुर्चीच्या हाताला खालून पुसलं. तिथे जुन्या, वाळलेल्या चुन्याचा जाड थर बोटाला लागला. ते वाकून बघू लागले.

“ही कुठून आणलीत?”

“जुन्या बाजारातून. चोरीची नाही.”

ते बायकोकडे वळले. “आपली खुर्ची वाळवी लागली म्हणून बंबात घातली म्हणालीस ना?”

“तुमच्या चुन्याला कंटाळून विकली,” बाई म्हणाल्या.

लग्न मोडलं, असं मी समजलो. पण ते उठेनात.

“मुलगी पसंत आहे,” ते म्हणाले. “रुखवतात एवढी खुर्ची मांडा.”