एकाची रेघ

सून : दुसरी घ्या, बाबा. तिसरी घ्या. खोक्यातली हवी ती औषध पाजायची नळी उचला, ओलं बोट लावा आणि वरून अंगठा फिरवा.

सासरे : फिरवला. पुढे?

सून : अंगठा बघा.

सासरे : काळा झालाय.

सून : आणि नळी?

सासरे : एकाची रेघ गेली.

सून : आकड्यासकट गेली. आता खालून पहिली रेघ दिसते ती दोनाची. तीन महिन्यांचं बाळ, तापाचं औषध, आणि आईनं पहिल्या रेघेपर्यंत भरलं तर?

सासरे : दुप्पट जाईल. मला गणित येतं, सूनबाई. पण बाहेर लॉरीत ऐंशी खोकी चढलीत, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला, आणि तू मला इथे अंगठे रंगवायला बसवलंयस. हा माल परवा पास कुणी केला? सही कुणाची आहे कागदावर?

सून : माझी.

सासरे : मग परवा डोळे कुठे ठेवले होते?

सून : जागेवरच होते. परवा वीस नळ्यांना चिकटपट्टी लावून ओढली. एकीचीही शाई निघाली नाही. ओल्या फडक्यानं घासल्या, तरी नाही. आज दुपारी सहज एक खोकं उघडलं, नळीत पाणी भरलं, हात ओला होता, आणि रेघ बोटावर आली.

सासरे : ज्योत कमी पडली असणार. दुसरं काय? प्लास्टिक मुळात माणूसघाणं. पाणी टाक, गोळी होऊन बसतं. शाई टाक, तीही तशीच. ज्योतीवरून नेलं की त्याचा ताठा उतरतो, मग पाणी पसरतं, शाई धरते. तीस वर्षं हेच करतोय मी. बर्नर बघ जा.

सून : बघितला. ही बघा, ज्योतीतून आत्ता निघालेली नळी, अजून कोमट आहे. तिच्यावर चाचणीच्या पेननं ओढते. कशी राहिली?

सासरे : सलग. मग चांगलं आहे की!

सून : आता खोक्यातली. जिथे एकाची रेघ होती, त्याच्या अगदी शेजारी ओढते.

सासरे : अरे!

सून : थेंब थेंब झाले ना? अळवाच्या पानावर पडल्यासारखे. आणि दोन बोटं वर सरकून ओढलं की परत सलग. म्हणजे ज्योत ठीक आहे. तेवढीच जागा बिघडली आहे, आणि प्रत्येक नळीची तीच जागा.

सासरे : तेवढीच कशी बिघडेल? ज्योत काय रेघा मोजून लागते?

सून : आता तिच्यावर हाऽ करा. आरसा पुसताना करतो तसं. फुंकू नका, गरम श्वास सोडा.

सासरे : हे काय काढलंस आता?

सून : करा तर खरं.

सासरे : हाऽऽ.

सून : उजेडाकडे धरा. जाण्याआधी बघा.

सासरे : ठसा आहे. अंगठ्याचा.

सून : आणि पलीकडच्या बाजूला दोन बोटं. बाकी सगळीकडे वाफ सारखी धरली, तेवढ्या ठशावर नाही.

सासरे : म्हणजे कुणीतरी हात लावलाय. ज्योतीनंतर आणि छपाईच्या आधी. त्या मधल्या जागेवर एकच माणूस बसतं. मावशी! ओ मावशी! मशीन बंद करा आणि इकडे या.

सून : बाबा, थांबा. आधी माझं ऐकून घ्या.

सासरे : तुझं पुष्कळ ऐकलं.

मावशी : बोलावलंत, मालक?

सासरे : छपाईच्या मशीनच्या खुंटीवर नळ्या तुम्हीच लावता ना? दुसरं कुणी हात लावतं?

मावशी : बावीस वर्षं मीच लावते. दुसऱ्याला लावू देत नाही मी. वाकडी बसली की रेघ वाकडी येते.

सासरे : बावीस वर्षं रेघ पुसली गेली नाही. आता जाते. हाताला काय लावता?

मावशी : काही नाही.

सासरे : हात दाखवा.

मावशी : हात दाखवून अवलक्षण कशाला, मालक? म्हातारीचे हात ते.

सासरे : दाखवा म्हणतो ना!

मावशी : हे घ्या. बघा.

सासरे : हे तर मऊ आहेत.

मावशी : आता आहेत. आठवड्यापूर्वी बघायला हवे होते. खुंट्या दिवसातून दहा वेळा स्पिरिटनं पुसायच्या, त्यानं कातडी फाटते. एकेका बोटाला तीन तीन भेगा. भाकरी मोडताना... असू द्या. ऐकून काय करणार तुम्ही?

सासरे : मग मलम लावलंत.

मावशी : लावलं. माझं मी आणलं, माझ्या हाताला लावलं.

सासरे : हातमोजे दिलेत ना तुम्हाला? ते का नाही घातले?

मावशी : दिलेत की! पुरुषी मापाचे. बोटांच्या टोकाला एवढाले फुगे. नळी निसटते, खाली पडली की बाद. आणि मिनिटाला चाळीस लावा अशी पाटी तुमचीच भिंतीवर. मोजे घालून तुम्ही चाळीस लावून दाखवा, मी तुमच्या पाया पडते.

सासरे : उलट बोलू नका. लहान लेकरांचं औषध आहे हे, खेळ नाही. एवढ्या वर्षांच्या माणसाला कळायला नको? उद्यापासून येऊ नका तुम्ही.

सून : बाबा!

मावशी : वहिनी, तुम्ही यात पडू नका.

सून : कशी पडू नको? मलम मी दिलं.

मावशी : काही सांगतात त्या. मी बाजारातून आणलं.

सून : मावशी, पुरे. बाबा, ही बघा माझ्या टेबलाच्या खणातली डबी. हिच्याच जोडीची मावशींकडे आहे. त्यांच्या भेगांतून रक्त येत होतं, नळीला लागेल म्हणून चिंध्या गुंडाळून बसत होत्या. हा माल छापायला घेतला त्याच्या आदल्याच दिवशी मी डबी हातात दिली आणि म्हटलं, दिवसातून तीनदा लावा. त्या नको म्हणत होत्या. मीच भरीला पाडलं.

सासरे : आणि मलमात असं काय आहे?

सून : सिलिकॉन. हात गुळगुळीत राहावा म्हणून घालतात. कातडीवरून नळीवर उतरतं, डोळ्याला दिसत नाही, साध्या पाण्यानं निघत नाही. त्याच्यावर शाई नुसती बसते, चिकटत नाही. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलंय. मी आज दुपारी वाचलं. द्यायच्या आधी वाचायला हवं होतं.

सासरे : वा! म्हणजे माल तपासायला जिला बसवलं, तिनंच माल बिघडवला.

सून : हो.

सासरे : हो म्हणतेस वर तोंड करून?

सून : मग काय नाही म्हणू?

सासरे : आणि परवाच्या वीस नळ्या? त्यांना मलम लागलं नव्हतं का? त्यांची शाई का नाही निघाली?

सून : नमुन्याला हात लावायचा नाही, हा नियम आहे. मी ज्योतीच्या पट्ट्यावरून नळी चिमट्यानं उचलते, चिमट्यानंच खुंटीवर लावते, छापून घेते आणि तपासते. सगळा माल मावशींच्या हातून जातो, आणि मी तपासते त्या वीस नळ्या तेवढ्या हात न लागलेल्या. सात महिने मी हेच करतेय. स्वच्छ, अगदी नियमानं. आणि दर वेळी सही करतेय.

सासरे : चिमट्याचा नियम कुणी केला?

सून : तुम्ही. पण मी तुमच्यावर ढकलत नाही. मला विचार करायला हवा होता.

मावशी : मालक, माझं ऐका. मला काढलंत तर काढा. माझी पोरं मोठी झाली, मी घरी बसेन, नातवाला सांभाळेन. पण यांनी चार वर्षं तुमच्या मागे लागून हे टेबल मिळवलंय. पहिला माल परत आला की तू घरी, असं तुम्हीच सांगितलंत त्यांना. साऱ्या कारखान्यानं ऐकलं होतं.

सून : म्हणून तुम्ही खोटं बोललात?

मावशी : बोलले. त्यात काय? पाप लागलंच तर माझं मला लागेल.

सासरे : दोघींनी मिळून मला वेड्यात काढायचं ठरवलंय का? बाहेर तो परत हॉर्न वाजवतोय. ठीक आहे. ऐंशी खोकी उतरवू. झालं समाधान?

सून : नाही.

सासरे : आणखी काय राहिलं?

सून : ब्याऐंशी खोकी होती. दोन काल सकाळी बाळांच्या दवाखान्यात गेलीत. त्यांच्याकडच्या नळ्या संपत आल्या होत्या म्हणून तुम्हीच माणूस पाठवून पोचवलीत.

सासरे : हं.

सून : चारशे नळ्या.

सासरे : कळलं मला. आपला माणूस पाठवतो. सांगेल की खोकी चुकून गेली, बदलून घेतो. कुणाला काही कळणार नाही.

सून : माणूस पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. तोवर औषधाची एक वेळ होते, कदाचित दोन.

सासरे : सगळ्याच रेघा पुसल्या जातात असं नाही. कोरड्या हातानं धरली तर राहते.

सून : बाळाला औषध पाजताना कुणाचा हात कोरडा असतो, बाबा?

सासरे : तू फोन केलास तर काय होईल ठाऊक आहे? आज एक दवाखाना, उद्या दहांना कळेल. त्यांच्या नळ्यांवरचा आकडा पुसला जातो म्हणतील. माझं आयुष्य गेलं हे नाव उभं करण्यात. तुझा नवरा परगावी गिऱ्हाइकांच्या दारात उभा आहे, त्याला काय तोंड दाखवशील?

सून : त्याला मी सांगेन.

सासरे : आणि ठरल्याप्रमाणे उद्यापासून तू या टेबलावर नसशील.

सून : माहीत आहे.

सासरे : तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मावशी : वहिनी, एकदा विचार करा.

सून : दुपारपासून दुसरं काय केलंय मी? मला भीती वाटते, मावशी. पण नंबर लावा तुम्ही, माझ्यानं दाबवत नाही. आणि आवाज मोठा करा, बाबांनाही ऐकू दे.

(फोनची घंटी चार वेळा वाजते.)

सिस्टर : बालविभाग, बोला.

सून : सिस्टर, मी नळ्यांच्या कारखान्यातून बोलतेय, माल तपासते. काल आमची दोन खोकी आलीत तुमच्याकडे. त्यातली एकही नळी वापरू नका. ओल्या हातानं रेघ पुसली जाते.

सिस्टर : एकाची रेघ?

सून : हो. तुम्हाला कसं कळलं?

सिस्टर : थांबा जरा.

सून : सिस्टर? कुणाला औषध दिलंय का त्यातून? सिस्टर?

सिस्टर : खोकी बाजूला ठेवायला सांगते आधी. फोन ठेवू नका.

मावशी : देवा, त्या लेकरांना काही झालेलं नसू दे.

सासरे : मावशी.

मावशी : काय, मालक?

सासरे : बाहेर जा आणि त्या ड्रायव्हरला सांगा, इंजिन बंद कर म्हणावं. खोकी उतरवून घ्या.

मावशी : आणि मी तशीच घरी जाऊ?

सासरे : खोकी उतरवून परत या. एवढ्या नळ्या परत छापायच्या तर खुंटीवर लावणार कोण? मी? आणि येताना ते मोजे घेऊन या. कसे बसतात ते बघू दे मला.

सिस्टर : हॅलो, आहात का?

सून : आहे, आहे. बोला.

सिस्टर : एकच खोकं फोडलंय. तीस नळ्या वाटल्या होत्या, त्या गोळा करायला मुली पाठवल्यात. सकाळी एक आई आली होती माझ्याकडे नळी घेऊन. म्हणाली, यावरची खालची रेघ गेली.

सून : तिनं औषध दिलं?

सिस्टर : नाही दिलं. अंदाजानं द्यायला हात धजेना म्हणाली. नळी मुठीत धरून तासभर बसून होती, मग आली. आम्ही जुन्या नळीनं पाजलं. बाळ आता झोपलंय, ताप उतरतोय.

सून : बरं झालं. फार बरं झालं, सिस्टर.

सिस्टर : पण आम्ही तिलाच बोललो हो. रेघ कशी जाईल, गरम पाण्यात घासली असशील, नळीसुद्धा नीट वापरता येत नाही का म्हटलं. सगळ्या आयांसमोर. नाही म्हणत होती बिचारी, मी ऐकलंच नाही. तेव्हापासून तोंड पाडून बसलीय, पाणीसुद्धा घेतलं नाही.

सून : तिला सांगा, तिची काही चूक नव्हती.

सिस्टर : आता मी काय तोंडानं सांगू? तुम्हीच सांगा ना. ही काय, समोरच आहे. देऊ का फोन?

सून : द्या. मी...

सासरे : आण इकडे तो फोन.

सून : बाबा, नको. तुम्ही काही बोलू नका तिला. मी सांगते.

सासरे : आण म्हटलं ना. तुझा आवाज फुटतोय, तिला काय कळणार? आण. हॅलो? हॅलो, बाई? नमस्कार. ती नळी माझ्या कारखान्यातली आहे. रेघ तुम्ही नाही पुसलीत.