आखाजीचं पिल्लू

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण सरला होता आणि पारोळ्याच्या स्टँडवर माहेरवाशिणी सासरी निघाल्या होत्या. पूर्वी बैलगाडी जुंपली की लेकी वेशीपर्यंत रडत जायच्या, हे बाकावर बसलेल्या यशोदाबाईंना आठवत होतं. आता सगळ्या मोबाइलमध्ये बघत बसल्या होत्या. यशोदाबाईंच्या शेजारी मात्र एक म्हातारा आणि त्याची लेक हळू आवाजात वाद घालत होते. म्हाताऱ्याच्या मांडीवरल्या पिशवीतून कुत्र्याचं पिल्लू डोकावत होतं.

"आबा, मी हे नेणार नाही."

"पियुषले आखाजीनी भेट शे, नूतन. मी त्याले कबूल करेल शे."

"तो दोन दिवस खेळेल. मग सुट्टी संपली की तो शाळेत, आम्ही दोघं कामावर. बंद घरात हे दिवसभर एकटं."

"कुत्रंच शे, जवाई नई शे. दूध-भाकर टाकी दे."

"आणि रडलं तर? खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला टपलेलेच आहेत. पियुषचे पप्पा म्हणतील, हायवेला सोडून ये."

"जवाई तसा नई शेत."

"तुम्हाला काय माहीत, आबा."

"चार दिन रडी. मग सवय व्हई जाई."

"मलाही तुम्ही हेच सांगितलं होतं."

पिल्लू म्हाताऱ्याचं बोट चाटत राहिलं.

"नूतन, तुले तठे बरं शे ना?"

"धुळ्याची गाडी लागली, आबा. त्याला घरी घेऊन जा."