जुने टाकायला सांग

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा अजून विझलेला नाही, आणि माझं मत विचाराल तर दोष मराठी भाषेचा आहे.

आमची मुक्ता जन्मापासून दिल्लीतल्या मयूर विहारची. शनिवारी ती एसयूव्हीला नवीन चाकं बसवायला गाझियाबादला गेली. तिथून तिचा फोन आला. "बाबा, मेकॅनिक विचारतोय, जुन्या चाकांत हवा मोजणारे सेन्सर आहेत, त्यांचं काय करायचं?"

मी म्हटलं, "त्यात काय विचारायचं? जुने टाकायला सांग."

"पक्का?"

"बिल्कुल."

गाडी घरी आली ती दिवा लावूनच. मी चारही चाकांची हवा तपासून आणली. हवा ठीक, दिवा तसाच. शेवटी मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, सेंसर तो मैडम ने फेंकने को बोला था. कबाड़ में चले गए."

मी मुक्ताला विचारलं, "फेकायला कोण म्हणालं?"

"तूच. टाकायला सांग म्हणालास."

"अगं, म्हणजे नव्या चाकांत टाकायला."

"मग परवा आई म्हणाली, शिळी भाजी टाक, ती कशात टाकायची होती?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "मुक्ता, चहा उकळतोय, ओट्यावरचं आलं टाक गं."

मुक्ता उठली, दारापर्यंत गेली आणि मागे वळून मला म्हणाली, "बाबा, हे डालायचं की फेकायचं?"