हॉलिसकाकांचा फोन एंगेज

नाही, पण मला एक सांगा, शनिवारी सकाळी पावणेसातला आमच्या रेडिओ स्टेशनच्या दाराला कुलूप असायचं कारणच काय? एवढंसं ते कुलूप, पण तुम्हाला सांगते, मी ते दोनदा ओढून पाहिलं! एरवी मी येते तेव्हा दार सताड उघडं, कॉफी उकळून काळीकुट्ट झालेली आणि हॉलिस स्टिडम, वय अठ्ठ्याहत्तर, मांडीवर रेकॉर्ड घेऊन बाळाला न्हाऊन पुसावं तशी पुसत बसलेले. दर शनिवारी सात ते नऊ त्यांचा कार्यक्रम, ब्लूग्रास, म्हणजे बॅन्जो, मँडोलिन आणि फिडल नावाचं व्हायोलिन, यांचं बिनड्रमचं डोंगरी संगीत. बर्फात आले, दाढ काढून आले, जूनला, म्हणजे बायकोला, पुरलं त्या दिवशीसुद्धा आले आणि 'जूनला आवडायची' म्हणून तीन गाणी जास्त वाजवून गेले. एक्कावन्न वर्षं हो! आणि आज कुलूप?

माझ्या किल्लीने उघडलं, स्टेशनच्या फोनवरून काकांना फोन लावला. एंगेज.

म्हटलं, असतील बोलत कुणाशी. त्यांना काय, बोलायला माणूस लागतो फक्त! केंटकीच्या डोंगरात एकही घर बॅन्जोवाचून राहू द्यायचं नाही, असा विडाच उचललाय त्यांनी. शेरीफने गाडी अडवली, तर परवान्याआधी कॅसेट पुढे केली! दातांच्या डॉक्टरला, त्याची बोटं तोंडात असताना, मँडोलिन कशी ओळखायची ते समजावलं! आणि मी? लेक्झिंग्टनला कॉलेज शिकून आलेली, नोकरी बटणं दाबायची. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ड्रेमा पोरी, तुझ्या गाण्यांत ड्रम असतात ना? मग तुला अजून गाणं भेटलेलंच नाही." असा राग आला होता! आता घरी भांडी घासताना मीच बॅन्जो लावते... हे त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायचं राहूनच गेलं तर?

पुन्हा लावला. एंगेज. आता तुम्हीच विचार करा, एकटा म्हातारा माणूस, हातातून रिसीव्हर सुटलेला, वायरीला लोंबकळतोय... नको, विचार करायचाच नाही, असं ठरवलं आणि लगेच केला! माझा मोबाईल म्हणाल, तर त्याला या डोंगरात रेंज यायची म्हणजे नवस बोलावा लागतो.

सात वाजले. रेडिओ क्षणभरही मुका ठेवायचा नाही, हा काकांचा पहिला नियम. म्हणून रेकॉर्ड लावली, पॅजेट बंधूंची. दुसरा नियम, गाणं संपलं की प्रत्येक वादकाचं नाव घ्यायचं, कारण त्यांची नातवंडं ऐकत असतात. मी माईकवर कव्हर वाचून दाखवलं: "फिडल, डेलबर्ट पॅजेट."

फोन खणखणला. मी अशी दचकले, की गुडघा टेबलाला आणि सुई पुढच्या गाण्यात!

"काका?"

"काका कसली! अर्डिथ बोलतेय, कोंबड्यांना दाणे टाकायचे सोडून! डेलबर्ट आणि फिडल? अगं, त्या बॅन्जोवाल्याला फिडल धरता तरी येत होती का? ती त्याच्या मेव्हण्याची, लूथरची! कव्हरवर चुकीचं छापलंय, हॉलिस दर वेळी सांगतो. तुझे कान असतात कुठे?"

"आजी, हॉलिसकाका आलेच नाहीत! तुमच्या जवळच राहतात ना, जरा बघून याल?"

"कशी जाऊ? मधल्या ओढ्याचं पाणी पुलावरून चाललंय. इकडचं माणूस तिकडे नाही." आणि ठेवला की फोन!

पुलावरून पाणी! म्हणजे काका गाडी घेऊन निघाले असतील... एक्कावन्न वर्षं न चुकलेला माणूस पाण्याला घाबरतो होय? फोन लावला, एंगेज. ठेवला की लगेच वाजतो, "लूथर!" पुन्हा लावला, एंगेज. ठेवला, "बाई, लूथर!" चर्चचे पाद्रीसुद्धा! म्हणाले, "देव क्षमा करील, लूथरची बायको करणार नाही." बुडालेल्या माणसाची कुणाला काळजीच नाही का हो?

आणि मग समोर पाहिलं, तर मायक्रोफोन! वेडी मी! अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असं यंत्र नाकासमोर, आणि मी काय करतेय, तर नंबर फिरवतेय!

माईक उघडला. "हॉलिसकाका, ऐकत असाल तर फोन जागेवर ठेवा. आणि बाकीच्यांनी पाच मिनिटं फोन करू नका, फिडल लूथरची, लूथरची, लूथरची! काका, मी घरी भांडी घासताना बॅन्जो ऐकते, रोज, हे तुम्हाला सांगायचं राहिलंय... प्लीज ठेवा फोन!"

नंबर फिरवला. या वेळी रिंग गेली! एक. दोन. पाच. सात... आणि उचलला.

"पुलावर पाणी आहे, पोरी. सकाळपासून तुलाच फोन लावतोय, तर तुझाच एंगेज!"

"काका..." आणि मी भोकाडच पसरलं!

"रडू नकोस, रेकॉर्ड संपत आलीय. आणि हे बघ, बॅन्जो ऐकताना नळ बंद ठेवत जा."