भेटीला आलेला ब्रेड

मारुतराव : अगं सारजा, फळीवरचा ब्रेड कुठं गेला? समदी फळी मोकळी!

सारजाबाई : उठू नगा. टाक्यांवर ताण यील.

मारुतराव : अपेंडिक्स काढलंय माझं, डोळं न्हाई काढलं. सकाळपत्तुर भिंतभर पुडे हुते.

सविता : आबा, मी घेतले. तळातल्या पुड्यांना बुरशी धरली होती. ते उकिरड्यावर टाकले आणि चांगले होते तेवढे कामाला लावले.

मारुतराव : उकिरड्यावर? सोसायटीच्या चेअरमनला भेटीला आलेला ब्रेड उकिरड्यावर?

सविता : फक्त बुरशीचे. बाकीच्यांचे गुलाबजाम केलेत.

मारुतराव : कशाचे?

सविता : ब्रेडचे. कडा कापायच्या, दुधात भिजवायचा, मळून गोळे करायचे, तळून पाकात सोडायचे. दौंडला आमच्या रेल्वे कॉलनीत घरोघरी करतात. पप्पा ड्यूटीवरून येताना ब्रेड आणायचे. उरला की मम्मी हेच करायची.

मारुतराव : सूनबाई, तुमच्या दौंडला काय बी करत असतील. आमच्या इनामगावात ब्रेड म्हंजी आजाऱ्याचं खानं. मानूस दवाखान्यातनं घरी आला की गाव ब्रेड घिऊन बघाया येतं. त्याचं कुनी गोडधोड करत न्हाई.

सारजाबाई : मग काय करत्यात? हळद-कुंकू लावत्यात? तुमी तर एक तुकडा तोंडात घातला न्हाई. म्हनं, कापूस चावल्यावानी लागतंय.

मारुतराव : खायाला कुनी ठिवला हुता? दिसायला ठिवला हुता! मागच्या आळीच्या जालिंदरनं फळी बघितली तवा त्याचं तोंड बघितलंस का? त्याच्या मुतखड्याच्या आप्रेशनाला त्याची फळी निम्मी बी भरली नव्हती.

सारजाबाई : बिचारा एवढी मोठी पपई घिऊन आल्ता.

मारुतराव : पपईच आनली ना? ब्रेड न्हाई आनला. ध्यानात हाय माझ्या. कोन काय घिऊन आलं, कोन आलंच न्हाई, समदं ध्यानात हाय.

सारजाबाई : झालं. लागली पुन्ना तीच टेप.

मारुतराव : अख्खं गाव यिऊन गेलं. न्हाई आला त्यो येकच. सख्खा भाऊ. बांधाला बांध लागून, पन पाय निघंना.

सविता : कोंडिबा आप्पा?

मारुतराव : कोंड्याचं नाव ह्या घरात घ्यायचं न्हाई!

सविता : आता तुम्हीच घेतलंत.

मारुतराव : मी थोरला हाय, मी घेतलं तर चालतंय. हिरीवर मोटरीची पाळी माझी, आन् हा फ्यूज काढून खिशात घालून लग्नाला गेला! माझा कांदा वाळला. दोन वर्सं बोललो न्हाई मी. पन भाऊ दवाखान्यात हाय म्हनल्यावर तरी मानसानं यावं का न्हाई?

सारजाबाई : तुमीच म्हनला हुता, त्यो आला तर ब्रेडसकट उंबऱ्याभाईर टाकीन.

मारुतराव : तसं म्हनायचं असतंय! म्हनून काय यायचं नसतंय व्हय?

सविता : आबा, राग राहू द्या. गुलाबजाम गरम आहेत. एक खाऊन बघा.

मारुतराव : मी न्हाई खायाचा. आजाऱ्याचं खानं पाकात बुडवलं म्हनून काय... इलायची घातलीस व्हय?

सविता : घातलीय.

मारुतराव : अर्धा दे. निस्ता चवीला.

(वाटीत चमचा वाजतो.)

सविता : कसा झालाय?

मारुतराव : हं. मऊ हाय. आपल्या लग्नातल्यापरीस बरा हाय.

सारजाबाई : आपल्या लग्नात बुंदी हुती.

मारुतराव : म्हनून तर बरा हाय. दुसरा दे. अख्खा... थांब. ह्ये लाल काय आलं दातात? आन् ह्ये हिरवं?

सविता : टुटीफ्रुटी आहे, आबा. एक ब्रेड टुटीफ्रुटीचा होता, तोही त्यातच मळला.

मारुतराव : कुठला टुटीफ्रुटीचा? फळीवर समदा पांढरा ब्रेड हुता. रोज बघतोय मी.

सविता : फळीवर नव्हता. पिठाच्या डब्यामागं सापडला.

मारुतराव : सारजा.

सारजाबाई : पाक घट व्हतोय का बघून येते.

मारुतराव : बस हितं. पिठाच्या डब्यामागं ब्रेड कोन ठिवतं?

सारजाबाई : आता ऱ्हायला असंल चुकून.

मारुतराव : ल्हानपनी मला टायफाइड झाल्ता. बापानं शिरूरच्या बाजारातनं टुटीफ्रुटीचा ब्रेड आनला. माझा जरा डोळा लागला, तर कोंड्यानं समदी टुटीफ्रुटी टोकरून खाल्ली. माझ्या वाट्याला निस्ती भोकं आली. ह्ये त्याला आन् मला सोडून कुनाला ठावं न्हाई.

सारजाबाई : मला ठावं हाय. लगीन झाल्यापासनं ऐकतीय.

मारुतराव : कवा आल्ता त्यो?

सारजाबाई : बुधवारी. तुमी झोपला हुता. दारातच हुभा ऱ्हायला. म्हनला, वैनी, दादाचं कसं हाय? म्या म्हनलं, बरं हाय, झोपल्यात. ब्रेड हातात दिला आन् म्हनला, माझं नाव सांगू नगा, न्हाईतर त्यो खायाचा न्हाई.

मारुतराव : आन् तू मला उठवलं न्हाईस?

सारजाबाई : उठवून काय करू? तुमी त्याला उंबऱ्याभाईर टाकनार, टाकं तुटनार, आन् पुन्ना दवाखाना मलाच!

मारुतराव : मला वाटलं, मी मेलो असतो तरी त्यो आला नसता. रोज दाराकडं बघत हुतो गं मी.

सविता : आबा, टुटीफ्रुटी वेचून बाजूला का ठेवताय? आवडत नाही का?

मारुतराव : ऱ्हाऊ दे ताटलीत. त्याचा वाटा हाय त्यो.

सविता : मग डब्यात गुलाबजाम भरून देते. मीच पोचवून येते आप्पांकडं.

मारुतराव : डबा नगं. फोन लाव त्याला. म्हनावं, मोटरीच्या पाळीचं बोलायचंय, घरी ये.

सविता : एवढंच सांगू?

मारुतराव : एवढंच. आन् येताना ब्रेड आनू नगंस म्हनावं, पयलाच अजून सरला न्हाई.

सारजाबाई : आन् त्यो येस्तवर तुमचा डोळा लागला तर?

मारुतराव : तर उठव मला.